फुलर्टनचा खर्ज

१९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुरुस्तीचं दुकान निघालं. मालक लिओ फेंडर पेशाने हिशेबनीस, पण नाद इलेक्ट्रॉनिक्सचा. आसपासचे वादक बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन यायचे, गाऱ्हाणी सांगायचे आणि लिओ ती मन लावून ऐकायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. फेंडर कंपनीच्या यशाचं मूळ मला इथेच दिसतं. ज्याला वाजवता येत नाही, त्याला वाजवणाऱ्याच्या शब्दावर विसंबावंच लागतं.

१९४६ मध्ये दुकानाची कंपनी झाली. बँडमधला खर्ज तेव्हा डबल बेसकडे असायचा. माणसाच्या उंचीचं हे वाद्य न्यायचं म्हणजे हाल, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या दणक्यात त्याचा आवाज बुडून जायचा. १९५१ मध्ये लिओंनी विजेवर वाजणारा ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. चार तारा, ३४ इंचांची तारेची लांबी, २० फ्रेट आणि गळ्यात अडकवायला पट्टा. फ्रेटमुळे सूर नेमका लागायचा, त्यामुळे गिटारवादकालाही बेस हाती धरता येऊ लागला. पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला ‘बेसमन’ ॲम्प्लिफायर आला. लायोनेल हॅम्प्टन यांच्या बँडमध्ये मंक माँटगोमरी प्रिसिजन वाजवू लागले आणि जॅझवाल्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. १९५७ मध्ये पिकपचे, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या वेटोळ्याचे, दोन तुकडे केले गेले आणि सततची घूं-घूं थांबली. १९६० मध्ये ‘जॅझ बेस’ आला. त्याला दोन पिकप होते आणि नेकची नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला, रुंदी पावणेदोन इंचांवरून दीड इंचावर आली होती. लहान हाताच्या वादकांना तो विशेष मानवला.

या काळातल्या कारखान्यात टॅडिओ गोमेझ नेक घडवत. तयार नेकच्या टाचेवर पेन्सिलने आपली आद्याक्षरं आणि तारीख टाकायची त्यांची रीत होती. ॲबिगेल यबारा १९५६ मध्ये कामावर आल्या आणि पुढे अनेक दशकं पिकपची वेटोळी गुंडाळत राहिल्या. गोमेझ यांच्या पेन्सिलच्या त्या दोन अक्षरांवरून आज जुन्या बेसची पारख होते.

कारखान्यातून बेस निघायचा तो अंगठ्याने वाजवण्यासाठी. बाकीची बोटं टेकवायला खालच्या तारेच्या बाजूला लाकडाची एक पट्टी बसवलेली असायची. पिकपवर आणि ब्रिजवर चकचकीत झाकणं असायची. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा असे, तार फार वेळ घुमू नये म्हणून. वादकांनी या मांडणीतलं हवं ते ठेवलं आणि नको ते काढून टाकलं. झाकणं निघाली, पट्टी निघाली आणि अंगठ्याची जागा दोन बोटांनी घेतली. तंबोऱ्याची जवारी कोणाला खुली हवी असते, कोणाला बंद. तसाच बेसचा सेटअपही, म्हणजे तारा आणि त्यांची उंची यांची जुळणी, ज्याच्या त्याच्या कानावर ठरतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन. साठच्या दशकातल्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या बहुसंख्य गाण्यांत खर्ज त्यांचा आहे. हाती १९६२ चा प्रिसिजन. त्यावर ला बेलाच्या जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांचं अंतर, इतकी उंच की दुसऱ्या कोणाला तो बेस दाबणं जड जाई, आणि ब्रिजच्या झाकणाखालचा स्पंज त्यांनी तसाच ठेवलेला. हा माणूस मूळचा डबल बेसवादक. बोटांना लाकडाचा आणि जाड तारेचा विरोध हवासा वाटायचा. वाजवायचे मात्र उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने. आजच्या कारागिराकडे तो बेस आला असता तर त्याने आधी तारा बदलल्या असत्या, मग ॲक्शन उतरवली असती आणि जगातला सर्वांत सुंदर खर्ज तिथल्या तिथे संपवला असता.

लॉस एंजेलिसच्या कॅरोल के मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि तो पुढे सोडला नाही. त्या प्लेक्ट्रमने वाजवत आणि ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवत. स्वर ठाशीव यायचा आणि लगेच मिटायचा. फ्लोरिडाच्या जॅको पास्टोरियसची तऱ्हा नेमकी उलटी. त्याने जॅझ बेसचे फ्रेटच उपटले, खाचा बुजवल्या आणि फिंगरबोर्डवर नावेला लावतात तसा इपॉक्सीचा थर चढवला. त्याला खरबरीत राउंडवाउंड तारा हव्या होत्या आणि त्या उघडं लाकूड खाऊन टाकतात. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये तो बेस माणसासारखा गातो.

मधल्या काळात कंपनीचे दिवस फिरले होते. जानेवारी १९६५ मध्ये लिओंनी ती सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. सत्तरच्या दशकातल्या वाद्यांबद्दल तक्रारी वाढल्या: वजन जास्त, नेकचा सांधा ढिला. लिओ पुढे म्युझिक मॅनमध्ये गेले. १९७६ च्या ‘स्टिंगरे’ या बेसच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीअँप होता. १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराने कर्मचारी आणि गुंतवणूकदारांनी फेंडर १ कोटी २५ लाखांना परत घेतली. सौद्यात कारखान्याची इमारत नव्हती. कोरोना या गावी नव्याने बस्तान बसवावं लागलं आणि १९८७ मध्ये मेक्सिकोतल्या एन्सेनाडातही काम सुरू झालं.

सीबीएसच्या काळाला सरसकट नावं ठेवणं मात्र मला पटत नाही. बेसवादक मार्कस मिलरचा प्रसिद्ध जॅझ बेस १९७७ चा, म्हणजे ऐन बदनाम वर्षांतला. न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी त्यात प्रीअँप बसवला आणि मिलरच्या अंगठ्याने त्याचं सोनं केलं. कॅनडाचा बेसवादक गेडी ली याने आपला १९७२ चा जॅझ बेस कॅलमाझूच्या गहाणवटीच्या दुकानातून २०० डॉलरना उचलला होता. १९९८ मध्ये फेंडरने या दोघांच्या बेसवरून त्यांच्या नावाची मॉडेल काढली. वादकांनी आपल्या बेसमध्ये केलेले बदल आता कारखाना स्वतः करून विकू लागला. या संस्थेच्या वाटचालीत मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आज कंपनी आपलं प्रमाण माप देते: सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची साधारण २.४ मिलिमीटर, नेकचा बाक सुमारे ०.३ मिलिमीटर. बाक मोजणं सोपं आहे. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि मधल्या फ्रेटपाशी फट बघायची. मुंबईत किंवा कोकणात पावसाळा लागला की लाकूड ओल धरतं आणि हीच फट बदलते. नेकमधला बाक नियंत्रित करणारा ट्रस रॉड पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा मोजायचं. घाई केली तर रॉड तुटू शकतो.

जेमर्सन यांचा बेस १९८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी, चोरीला गेला. जॅकोचा १९८६ मध्ये गेला, तो दोन दशकांनी सापडला. जेमर्सन यांचा सेटअप आपल्याला ठाऊक आहे तो बराचसा सोबतच्या माणसांनी लक्षात ठेवून सांगितला म्हणून. जेमर्सन यांचं नाव तरी १९७१ पासून अल्बमवर छापलं गेलं. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस वाजतो, पण हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकांची नावं सहसा येत नसत. त्या पिढीने कोणत्या तारा लावल्या, किती उंच ठेवल्या, स्पंज लावला की नाही, हे विचारायला हवं होतं, आणि जे अजून वाजवत आहेत त्यांना आजही विचारता येईल.

ज्यांच्या घरी बेस आहे त्यांनी एवढं करावं: तारांची जाडी आणि बनावट, सतराव्या फ्रेटवरची उंची, नेकचा बाक आणि केलेले फेरबदल एका कागदावर तारखेसह लिहून तो कागद केसमध्ये ठेवावा. पेन्सिलने लिहिलं तरी चालेल.