परवलीचा शब्द

गेल्या जूनमधली गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी संपवून शाळेत आलो, तो एक माजी विद्यार्थी दाखल्याच्या दुय्यम प्रतीसाठी दारात उभा. नोकरीच्या कागदपत्रांसाठी त्याला ती दोन दिवसांत हवी होती. जुन्या नोंदी आता संगणकावर आहेत आणि तो उघडण्याचा परवलीचा शब्द माझ्याकडेच असतो. एप्रिलमध्ये मीच तो बदलला होता. आता काही केल्या आठवेना. गावाचे नाव, शाळेचे स्थापनावर्ष, नातवंडाचे लाडके नाव, सारे घालून पाहिले. पाठांतर केले नाही म्हणून मुलांना आयुष्यभर रागावलेला मी त्या मुलासमोर घामाघूम झालो.

शेवटी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावले. तोही आमचाच विद्यार्थी. यंत्र बसवताना त्याने व्यवस्थापकाचे एक वेगळे खाते उघडून ठेवले होते. त्यातून आत जाऊन त्याने दहा मिनिटांत नवा शब्द घालून दिला. मी कुतूहलाने विचारले, "अरे, पण जुना शब्द कोणता होता, तेवढे तरी सांग." तो हसून म्हणाला, "सर, ते संगणकालाही ठाऊक नाही."

ज्याला शब्द ठाऊक नाही, तो आपला शब्द बरोबर की चूक हे कसे ओळखतो? या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, आणि त्याच्या मागे लागता लागता इतिहासात शिरलो.

परवलीचा शब्द ही मुळात छावणीतली वस्तू. पहारेकऱ्याने अंधारात हटकले की आपला माणूस कोण आणि परका कोण, हे त्या शब्दावरून ठरे. रोमन सैन्यात रोज सूर्यास्ताच्या सुमारास लाकडी पाटीवर त्या रात्रीचा शब्द लिहून तुकडीतुकडीतून फिरवीत आणि ती पाटी उजेड मावळण्यापूर्वी परत आली की नाही हे तपाशीत, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. बायबलच्या शास्ते या ग्रंथात त्याहून क्रूर कथा आहे. यार्देन नदीच्या उतारावर पळून जाणाऱ्यांना 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला लावीत. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे, तो शत्रू म्हणून मारला जाई. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कथा अधिक जाणवते. बोलीवरून गाव ओळखले जाणे आपण रोज अनुभवतो. पण जिभेवरचा उच्चार विसरत नाही, मनात धरलेला शब्द विसरतो. संगणकाने नेमका हा दुसरा प्रकार उचलला.

तो उचलला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत. त्या काळी संगणक खोलीभर असे आणि एका वेळी एकाचेच काम करी. फर्नांडो कोर्बाटो या शास्त्रज्ञाने १९६१ साली एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था करून दाखविली. घर एक, बिऱ्हाडे अनेक, अशी ती स्थिती. मग प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला कुलूप आले, ते म्हणजे परवलीचा शब्द. पण सर्वांचे शब्द यंत्रातल्या एकाच यादीत, जसेच्या तसे लिहिलेले असत.

त्याचे फळ लगेच मिळाले. ॲलन शेर हा संशोधक विद्यार्थी. त्याला आठवड्याला चारच तास यंत्र मिळे. १९६२ मध्ये त्याने ती यादीच छापून देण्याची विनंती छिद्रित कार्डाद्वारे यंत्राला केली. यंत्राने मुकाट्याने यादी छापून दिली, आणि हा दुसऱ्यांच्या नावावर काम करू लागला. याची कबुली त्याने जवळजवळ पंचवीस वर्षांनी दिली. पुढे आणखी गंमत झाली. एक कर्मचारी शब्दांची यादी दुरुस्त करीत होता, दुसरा रोजची सूचना लिहीत होता, आणि दोघांच्या कच्च्या मसुद्यांना यंत्राने एकच नाव दिले होते. मसुद्यांची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द वाचायला मिळाले. कोर्बाटो यांनी हा प्रसंग स्वतःच पुढे सांगितला आहे.

यावरून धडा एकच निघत होता. यंत्राला गुपित सांगून ठेवले की ते कधीतरी बोलणारच. तेव्हा ते त्याला सांगायचेच नाही. इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकात ही युक्ती काढली, आणि बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्स प्रणालीसाठी पक्की करून १९७९ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

युक्ती समजायला गिरणी डोळ्यांसमोर आणावी. ज्वारीचे पीठ करता येते, पिठाची ज्वारी करता येत नाही. आपण शब्द दिला की यंत्र गणिताच्या जात्यावर तो दळते आणि फक्त पीठ जपून ठेवते. पुढच्या खेपेस आपण पुन्हा शब्द देतो, यंत्र तोही दळते आणि दोन पिठे जुळवून पाहते. जुळली तर दार उघडते. यादी चोराच्या हाती लागली तरी त्याला पीठच मिळते. दोघांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तर पीठ सारखे होऊन गुपित फुटेल, म्हणून दळताना प्रत्येकाच्या दाण्यांत निराळी चिमूट टाकतात. या चिमटीला त्या शास्त्रात खरोखरच 'मीठ' म्हणतात. थॉम्प्सन-मॉरिस यांच्या व्यवस्थेत अशा ४०९६ चिमटी होत्या.

आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर शब्दशः खरे होते ते असे. विसरलेला शब्द कोणी शोधून देत नाही. जुने पीठ फेकून नव्या शब्दाचे पीठ तेथे ठेवतात, इतकेच. त्या जुन्या शब्दाच्या आधारे काही कागद सांकेतिक लिपीत बंद केलेले असतील, तर नवा शब्द मिळूनही ते उघडत नाहीत.

पण दळण कितीही बारीक असो, दाणा ओळखीचा असेल तर उपयोग नाही. मॉरिस व थॉम्प्सन यांनी ३२८९ शब्द तपासले. त्यांतले ८६ टक्के एक तर फार आखूड होते, नाही तर शब्दकोशात वा नावांच्या यादीत सापडणारे होते. चोर शब्दकोश घेऊन एकेक शब्द दळून पाहतो. स्वतः थॉम्प्सन यांचा जुना शब्द मात्र सुमारे चाळीस वर्षे टिकला. जुन्या युनिक्सच्या कागदांत त्याचे पीठ राहून गेले होते. २०१९ मध्ये हौशी मंडळींनी आधुनिक यंत्राने कित्येक दिवस खटपट करून तो शोधला, तेव्हा ती बुद्धिबळातली एक चाल निघाली: वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे.

लोक सोपे शब्द घेतात म्हणून नियम कडक झाले. मोठे अक्षर हवे, आकडा हवा, चिन्ह हवे, आणि वरचेवर बदल हवा. या नियमांचे एक जनक बिल बर यांनी ते २००३ मध्ये अमेरिकी सरकारी मानक संस्थेसाठी लिहिले, आणि २०१७ मध्ये त्यांतल्या पुष्कळशा गोष्टींबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. माणूस बदलतो तो शेवटचा आकडा तेवढा, आणि उरलेले चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो. त्याच वर्षी त्या संस्थेने कारणाशिवाय वरचेवर शब्द बदलायला लावू नये असे सुचविले. माझा एप्रिलमधला बदल अशाच एका जुन्या नियमापायी झाला होता.

आता खरा प्रश्न उरतो. विसरलेल्याला नवा शब्द द्यायचा, पण तो खरा मालक हे कशावरून? येथे विज्ञान पुन्हा छावणीच्या दाराशी येते. एके काळी आईचे माहेरचे आडनाव विचारीत. आपल्या गावांत कोणाचा मामा कोण हे वेशीवरच्या पोरालाही ठाऊक असते! २००८ मध्ये अलास्काच्या तत्कालीन राज्यपाल सारा पेलिन यांचे टपालखाते एका विद्यार्थ्याने असेच उघडले. जन्मतारीख, पिन कोड आणि पतीची पहिली भेट कोठे झाली, या प्रश्नांची उत्तरे त्याला जाहीर माहितीतूनच मिळाली. दार भक्कम होते, पण किल्ली हरवल्यावर उघडायची खिडकी कच्ची होती. आता मोबाइलवर आकडे येतात. म्हणजे मोबाइल ज्याच्या हाती, तो मालक. घरोघरी आजी-आजोबांचा मोबाइल कोणाच्या हाती असतो, हे मी सांगायला नको.

आमच्या शाळेपुरते मला त्या दिवशी हेच उमगले. आमच्या कुलपाची दुसरी किल्ली इतकी वर्षे एका मुलाच्या हाती होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मुलगा सज्जन, म्हणून निभावले. आता दोन्ही शब्द एका लिफाफ्यात घालून, लाखेची मोहोर करून, रजिस्टरांच्या लोखंडी कपाटात ठेवले आहेत. उघडताना दोघांच्या सह्या लागतात. घरीही एका वहीत लिहून ती कपाटात ठेवली आहे आणि मुलीला जागा दाखविली आहे. यंत्राला विसरायला माणसाने मुद्दाम शिकविले. तेव्हा लक्षात ठेवण्याचे आणि विश्वासाचा माणूस निवडण्याचे काम माणसाकडेच राहिले.

आणि तो दाखला? दुरुस्तीवाला येईपर्यंत आमच्या वयोवृद्ध शिपाईमामांनी लाल कापडी बांधणीचे जुने रजिस्टर काढून त्या मुलाचे पान उघडले होते. त्यांनी त्याला कोणताही शब्द विचारला नाही. चेहऱ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "तू खालच्या आळीतल्या शिंपीणकाकूंचा धाकटा ना?"