इंग्रजी क्रियापद आणि आपली मुले : एक मागोवा

"मुलाचे बाकीचे विषय ठीक आहेत, इंग्रजी तेवढे कच्चे आहे," हे वाक्य आम्हा शिक्षकांना पालकसभेत हमखास ऐकावे लागते. इंग्रजी कच्चे म्हणजे नेमके काय कच्चे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वह्या तपासताना असे दिसते, की मुलांना नामे बऱ्यापैकी येतात. टेबल, बस, डॉक्टर, सायकल हे शब्द तर घरातलेच झाले आहेत. विशेषणांचेही फारसे अडत नाही. गाडी रुतते ती क्रियापदापाशी. 'आय ॲम गो', 'ही is' च्या जागी 'ही आर', 'शी डू हेल्प मी', 'आय ॲम नोइंग' अशी वाक्ये लिहिणारा मुलगा बुद्धीने कमी नसतो. आमच्या वाळवा तालुक्यातील खेड्यापाड्यांतून येणारी कितीतरी चलाख मुले, आणि मुली तर अधिकच, नववी-दहावीत या एका विषयापायी मागे पडतात. म्हणून या अडचणीचा इतिहास थोडा उलगडून पाहावा, असे वाटते.

प्रथम नावाचाच विचार करू. मराठीत आपण 'क्रियापद' म्हणतो. वर्गात व्याख्या सांगितली जाते : क्रिया दाखविणारा शब्द तो क्रियापद. मूल ती पाठ करते आणि मनात पक्की खूणगाठ बांधते, की क्रियापद म्हणजे काहीतरी करणे. उर्दूत यालाच 'फेल' म्हणतात, आणि त्या अरबी शब्दाचा अर्थही 'कृती' असाच आहे. (इंग्रजीत नापास होण्यालाही 'फेल'च म्हणतात, यावर मुले हसतात. हसू द्यावे, शब्द लक्षात राहतो.) म्हणजे घरी उर्दू किंवा दखनी बोलणारे आणि शाळेत मराठी शिकणारे आपले मूल दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट शिकून येते : व्हर्ब म्हणजे कृती.

इंग्रजांचे जुने व्याकरणकार असे म्हणत नव्हते. लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक वर्षे ते शाळाशाळांतून चालले. त्यात क्रियापदाची तीन कामे सांगितली आहेत : असणे, करणे आणि सोसणे. 'करणे' हे तिघांपैकी एक. आपल्याकडचा जुना विचारही याहून वेगळा नव्हता. यास्काच्या निरुक्तात क्रियापदाला 'आख्यात' म्हटले आहे, आणि जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, झिजणे, नाश पावणे अशा सहा अवस्था तेथे सांगितल्या आहेत. त्यांतही 'असणे' आहेच.

मराठी भाषेचे एक छापील व्याकरण विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूर येथे प्रसिद्ध केले. ते इंग्रजीत होते, कारण ते साहेबांना मराठी शिकविण्यासाठी होते. मराठी मुलांना उपयोगी पडणारे मोठे व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली लिहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद असे शब्दांच्या आठ जातींचे जे कोष्टक आपण आजही पाठ करतो, ते दादोबांच्या परंपरेतून आले आणि त्यावर इंग्रजी व्याकरणाची छाप उघड दिसते. सोय झाली खरी, पण त्या सोयीबरोबर एक समजूतही आली, की दोन्ही भाषांचे साचे एकच आहेत, फक्त शब्द बदलावयाचे. ही समजूत नामाच्या बाबतीत चालून जाते, क्रियापदाच्या बाबतीत नाही.

त्या काळी चार इयत्ता मराठी झाल्यावर मुलगा 'इंग्रजी पहिली'त जाई. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव याच इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. हाच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून साऱ्या जगाला माहीत झाला. ज्याच्या घरी इंग्रजीचा वारसा नाही, अशा मुलाने इंग्रजीवर प्रभुत्व मिळविल्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या परिसरात मिळणार नाही. साताऱ्यापासून आपले गाव ते काय लांब?

अशा वर्गांतून क्रियापद शिकविण्याची रीत म्हणजे घोकंपट्टी. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन. पुढे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला आली. (आडनाव एक असल्यामुळे हे तर्खडकर आणि व्याकरणकार दादोबा यांची पुष्कळजण गल्लत करतात.) तिचे तीन भाग महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी गिरविले. 'तर्खडकर केले आहे का?' हा प्रश्न म्हणजेच इंग्रजीची परीक्षा, असे जुने लोक मानीत. मी या पुस्तकांची थट्टा करणाऱ्यांपैकी नाही. मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य रचताना दोन भाषांतील फरक डोळ्यांत भरतो, आणि तो फरक कळणे हेच तर शिक्षण. पण त्या रीतीने इंग्रजी हातात येई, जिभेवर येत नसे.

घोकंपट्टीची मर्यादा एका फ्रेंच शिक्षकाने स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केली. फ्रान्स्वा गुआँ हे गृहस्थ जर्मन शिकण्यासाठी हँबुर्गला गेले. त्यांनी व्याकरण पाठ केले, २४८ अनियमित क्रियापदे पाठ केली, आणि एवढ्याने भागेना म्हणून अखेर तीस हजार शब्दांचा कोशही पाठ केला. तरी समोरचा माणूस काय बोलतो ते कळेना! घरी परतल्यावर त्यांनी आपल्या लहानग्या भाच्याला पाहिले. पोरगा पिठाची गिरणी पाहून आला होता आणि तिथे पाहिलेले सारे एकामागून एक, करून दाखवीत, बोलून दाखवीत होता. धान्य आणले, ओतले, चाक फिरले, पीठ पडले. गुआँनी ओळखले, की भाषेचा कणा म्हणजे क्रियापद, आणि क्रियापद शिकावयाचे तर क्रियांच्या ओळीने शिकावयाचे. त्यांचे पुस्तक १८८० साली निघाले. पुढे हॅरॉल्ड पामर यांनी हाच धागा धरला. जपानमध्ये असताना १९२५ साली त्यांनी आपल्या मुलीच्या साह्याने 'इंग्लिश थ्रू ॲक्शन्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. गुरुजी आज्ञा करतात, मूल उठते, दार उघडते, खडू उचलते, आणि करता करता बोलते.

आपल्या राज्यात धोरणे बदलत गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकविली जाऊ लागली, नंतर ती पाचवीपासून आली, आणि २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच आली. वर्षे वाढली. क्रियापदाची अडचण मात्र जिथल्या तिथे आहे, कारण ती वर्षांच्या संख्येत नाही.

पामरांची रीत मी वर्गात वापरतो. 'आय ॲम ओपनिंग द विंडो' असे म्हणत मुलगा खरोखर खिडकी उघडतो, तेव्हा चालू काळ त्याला समजावून सांगावा लागत नाही. रन, जंप, राइट, कट, पोअर ही क्रियापदे अशी दोन आठवड्यांत येतात. पण मग पुढची पायरी येते. 'नो' हे क्रियापद करून कसे दाखविणार? 'लाइक' कसे? 'हॅव' कसे? येथे अभिनय संपतो.

आता आपल्या भाषांकडे पाहा. 'मला माहीत आहे', 'मला आंबा आवडतो', 'मला भूक लागली', 'माझ्याजवळ पुस्तक आहे'. उर्दूत 'मुझे मालूम है', 'मुझे आम पसंद है'. यांत माणूस काही करीत नाही. माहिती त्याच्यापाशी आहे, आवड त्याला वाटते, भूक त्याला लागते. आपल्या भाषा हे प्रामाणिकपणे दाखवितात आणि 'मी'चा 'मला' करतात. इंग्रजी मात्र माणसाला कर्त्याच्याच खुर्चीवर बसविते : 'आय नो', 'आय लाइक', 'आय हॅव'. खुर्ची कर्त्याची, पण काम काहीच नाही! मूल ती खुर्ची पाहते, 'क्रियापद म्हणजे क्रिया' ही व्याख्या आठवते, आणि 'मी खिडकी उघडत आहे'च्या चालीवर 'आय ॲम नोइंग' लिहून मोकळे होते. त्यात 'मैं जानता हूं' मधला 'हूं' घरून आलेला असतोच. तेव्हा ही चूक अडाणीपणाची नसून दोन नियम नीट लावल्याची आहे. अशा वेळी मी मुलांना एवढेच विचारतो, की हे वाक्य मराठीत 'मी'ने सुरू होते की 'मला'ने? 'मला' आले तर बहुधा 'आयएनजी' लावू नये. ही खूण शंभर टक्के चालत नाही, पण बरीच चालते. शिवाय ती मुलाच्या स्वतःच्या भाषेतून निघालेली असते.

दुसरी अडचण 'करणे'ची. हिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आदिलशाहीच्या काळापासून आपल्या भागातील कारभारात फारसी-अरबी शब्द आले. ते मराठीत रुळले, ते बहुतेक 'करणे' आणि 'होणे' यांचा हात धरून : कबूल करणे, जमा करणे, सुरू करणे, माफ करणे, हजर होणे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी यांतले कितीतरी शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. बदलणे, खर्चणे, फर्मावणे असे थोडे शब्द तर थेट मराठी क्रियापदेच बनले. इंग्रजी शब्दही त्याच वाटेने आले : फोन करणे, टाइप करणे, पास होणे. 'नापास' या शब्दात तर फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास' एकत्र नांदतात, आणि विद्यार्थी त्याला अस्सल मराठी समजून घाबरतो.

इंग्रजीची रीत उलट. तिथे नामच उभे राहते आणि क्रियापद होते : हेल्प, स्टडी, आन्सर, फोन. 'मदत करणे' याला दोन शब्द लागतात म्हणून आपले मूल 'डू हेल्प', 'डू स्टडी' लिहिते. शिवाय प्रश्नात आणि नकारात खरोखरच 'डू' येतो, म्हणून त्याचा गोंधळ आणखी वाढतो. हा मदतीचा 'डू' इंग्रजीतही पूर्वीपासूनचा नाही. तो साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात स्थिर झाला. त्याआधी इंग्रज माणूसही 'जातोस तू?' अशा धर्तीवर क्रियापद पुढे आणून प्रश्न विचारी.

'गो'चे 'वेंट' का होते, हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. 'गो'ने ते उसने घेतले आणि परत केले नाही. यावर मुले इंग्रजीला वेड्यात काढतात. मग मी फळ्यावर 'जा' लिहितो आणि भूतकाळ विचारतो. 'गेला!' उर्दूवाले ओरडतात, 'गया!' 'जा'मधला 'ज' कुठे गेला? संस्कृतात 'या' आणि 'गम्' असे दोन धातू होते. त्यांतल्या एकाचा वर्तमानकाळ आपण ठेवला आणि दुसऱ्याचा भूतकाळ. जे इंग्रजांनी केले तेच आपण त्यांच्याही आधी करून बसलो आहोत.

आणखी एक गोष्ट दखनी बोलणाऱ्या घरांसाठी. मराठीत 'मी आंबा खाल्ला' पण 'मी भाकरी खाल्ली'. क्रियापद कर्माच्या मागे जाते. प्रमाण उर्दूतही 'मैंने आम खाया' पण 'मैंने रोटी खाई'. आपल्या घरची दखनी मात्र सरळ 'मैं आम खाया, मैं रोटी खाया' म्हणते, आणि त्यासाठी मुलांना सतत टोकले जाते, की हे अशुद्ध आहे. उर्दूच्या परीक्षेत ते चालणार नाही, हे खरे. पण इंग्रजी 'आय एट' हेही तसेच आहे. आंबा असो की भाकरी, क्रियापद हलत नाही. आमच्या वर्गात हे प्रथम एका मुलीनेच दाखवून दिले. मी फळ्यावर तीन भाषांतील वाक्ये मांडत असताना ती म्हणाली, "सर, चौथी ओळ आमच्या घरची लिहा." मी लिहिली. ती ओळ इंग्रजीच्या अगदी खाली, बरोबर जुळून बसली.