राणीची बाग : पिंजऱ्यांच्या आधीचे वृक्ष

१/ मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी पहिला हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाहिला. अलीकडे तेथे पेंग्विनसाठी रांगा लागतात. मात्र ही बाग वसवली गेली ती वनस्पतींसाठी. प्राणी मागाहून आले. हा क्रम विसरला गेल्याची किंमत काय, हे या धाग्यात पाहू.

२/ ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेचे मूळ उद्यान शिवडीला होते. ते भायखळ्यास हलवण्यात आले आणि शिवडीच्या त्या जागेवर पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीने नव्या उद्यानाचे उद्घाटन केले. ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’चे लोकांनी ‘राणीची बाग’ केले. आज तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे.

३/ बागेलगतचे संग्रहालय १८७२ साली खुले झाले. डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. १९७५ पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते.

४/ संग्रहालयाच्या आवारातील दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत कोसळून फुटला. त्याचे तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ साली ते पुन्हा जोडण्यात आले.

५/ संग्रहालयामागे व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला हा पुतळा पूर्वी फोर्ट भागात होता. चापेकर बंधूंनी डांबर फासले ते याच पुतळ्याला. स्वातंत्र्यानंतर शहराच्या चौकांतून उतरवलेले असे अनेक पुतळे येथे विसावले.

६/ तरीही बागेचे खरे धन तिचे वृक्ष. आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती : बंदराच्या शहरात दूरदेशीची झाडे कशी रुजली, याचा तो जिवंत दस्तऐवज आहे. एकूण वृक्षसंख्या तीन हजारांवर आहे.

७/ २००७ च्या सुमारास येथे आंतरराष्ट्रीय धर्तीचे प्राणिसंग्रहालय उभारण्याची भव्य योजना पुढे आली. बांधकामामुळे वृक्षसंपदा धोक्यात येईल, असे सांगत नागरिक उभे राहिले. हे मुळात वनस्पती उद्यान आहे, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. दीर्घ लढ्यानंतर मूळ आराखड्यात कपात झाली.

८/ येथे इतिहासाचे ज्ञान प्रत्यक्ष कामी आले. जागेला केवळ ‘झू’ म्हटले की झाड अडथळा ठरते. ‘वनस्पती उद्यान’ म्हटले की तेच झाड वारसा ठरते. पुढच्या वेळी राणीच्या बागेत गेलात, तर पिंजऱ्यांकडे वळण्यापूर्वी झाडांवरील नावांच्या पाट्या अवश्य वाचा.