छायाचित्रांवरून घेतलेलीं मापें व त्यांचें प्रामाण्य

ऐतिहासिक साधनांचा अभ्यास अलीकडे मुळापेक्षां छायाचित्रांवरूनच अधिक होऊं लागला आहे. संग्राहक आपल्या दप्तरांतील पत्रें, ताम्रपट व शिलालेख यांचीं चित्रें पाठवितात. अभ्यासक तीं संगणकावर मोठीं करून वाचतात, आणि चित्रसंपादनाच्या साधनांनीं त्यांतील शिक्का, ओळ, अक्षर यांचीं मापेंहि घेतात. माप अंकांत मिळतें म्हणून तें निर्विवाद वाटतें. हा समज घातक आहे. संगणक चित्रांतील पिक्सेल मोजतो, वस्तु मोजीत नाहीं. पिक्सेलांवरून वस्तूचें माप काढण्यास लागणारें प्रमाण छायाचित्र घेणारानेंच पुरवावयाचें असतें; तें चुकल्यास अस्सल कागदहि बनावट ठरूं शकतो. आमच्या हातून असा प्रमाद होतां होतां टळला, म्हणून हा लेखनप्रपंच.

॥ १ ॥ कांहीं वर्षांपूर्वीं एका संग्राहकाकडून एका मोडी पत्राचें छायाचित्र आम्हांकडे आलें. त्यावरील वाटोळ्या शिक्क्याचा व्यास चित्रांतील मोजपट्टीवरून ३० मिलिमीटर भरला. त्याच शिक्क्याचा एका निःसंशय अस्सल पत्रावरील ठसा आम्हीं पूर्वीं स्वतः मोजला होता; तो २८ मिलिमीटरांचा होता. एकाच शिक्क्याच्या दोन ठशांत इतका फरक संभवत नाहीं, सबब हा शिक्का बनावट, असें टिपण आम्हीं लिहूनहि ठेविलें. सुदैवानें तें छापण्यापूर्वीं मूळ पत्र पाहण्याची संधि मिळाली. कैवारानें मोजतां व्यास २८ मिलिमीटरच निघाला! चौकशी करतां कळलें कीं, छायाचित्र घेतांना पत्र दोन सेंटिमीटर जाडीच्या एका बांधीव ग्रंथावर ठेविलें होतें व मोजपट्टी खालीं मेजावर होती. कॅमेऱ्याचें भिंग मेजापासून ३० सेंटिमीटर, म्हणजे पत्रापासून २८ सेंटिमीटर उंचीवर होतें. जवळची वस्तु मोठी दिसते. ३० ला २८ नें भागिलें असतां जें गुणोत्तर येतें त्या मानानें, म्हणजे शेंकडा सातांनीं, शिक्का फुगला होता. दोष पत्राचा नव्हता, पट्टीच्या जागेचा होता.

॥ २ ॥ छायाचित्रावरून माप घेण्याची विद्या नवी नव्हे. इ. स. १८५८ त आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा जर्मन स्थापत्यज्ञ वेट्झलार येथील मोठ्या चर्चची मोजणी करीत असतां उंचावरून पडतां पडतां वांचला. भिंतींवर चढण्याऐवजीं छायाचित्रांवरून मापें काढावीं, ही कल्पना त्याला तेथें सुचली. १८६७ त ‘फोटोग्रामेट्री’ हें नांव त्याच्या लेखानें प्रचारांत आलें, व १८८५ त त्याच्या प्रयत्नानें बर्लिन येथें प्रशियाच्या सरकारनें या कामासाठीं स्वतंत्र संस्था स्थापिली. मोजण्याजोगीं छायाचित्रें जपून ठेविलीं तर इमारत नष्ट झाली तरी तिचें ज्ञान नष्ट होत नाहीं, हा त्याचा सिद्धान्त होता.

या सिद्धान्ताची कसोटी आमच्या काळांत लागली. अफगाणिस्तानांतील बामियानच्या बुद्धमूर्ति मार्च २००१ त तालिबाननें सुरुंग लावून उडविल्या. पुढें झुरिक येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनीं थोरल्या मूर्तीची त्रिमिति प्रतिकृति संगणकावर रचली. तिला मुख्य आधार झाला तो रॉबर्ट कोस्त्का यांनीं १९७० त मोजणीच्या कॅमेऱ्यानें घेतलेल्या छायाचित्रांचा. वस्त्राच्या बारीक चुण्या मात्र यंत्राच्या आपोआप जुळणींतून उमटल्या नाहींत. त्या मनुष्यानें बिंदु बिंदु मोजून घ्याव्या लागल्या.

॥ ३ ॥ आपल्याकडेहि ‘एपिग्राफिआ इंडिका’ च्या अंकांत लेखांच्या ठशांखालीं ‘अर्धें’, ‘चतुर्थांश’ असें प्रमाण छापलेलें आढळतें. हें प्रमाण त्या छापील पानापुरतें खरें. तेंच पान स्कॅन होऊन पडद्यावर आलें कीं त्याचा आकार बदलतो, पण खालील अक्षरें ‘अर्धें’ असेंच सांगत राहतात. अशा वेळीं संपादकानें लेखांत दिलेली पत्र्याची लांबीरुंदी घेऊन तीवरून प्रमाण बसवावें. छापील शब्दावर विसंबूं नये.

॥ ४ ॥ आतां प्रत्यक्ष साधनांविषयीं. फोटोशॉपमध्यें ‘रूलर’ नांवाचें साधन असून ‘सेट मेजरमेंट स्केल’ या आज्ञेनें इतके पिक्सेल म्हणजे इतके मिलिमीटर असें प्रमाण ठरवितां येतें. वेन रॅसबँड यांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत रचलेला ‘इमेज-जे’ हा कार्यक्रम तर विनामूल्य मिळतो. त्यांत हेंच काम ‘सेट स्केल’ नें होतें. प्रमाण बसवितांना पट्टीचा शक्य तितका लांब भाग घ्यावा. इंचास ३०० पिक्सेल असलेल्या चित्रांत एक सेंटिमीटर म्हणजे सुमारें ११८ पिक्सेल. तेथें दोन पिक्सेलांची चूक शेंकडा १·७ होते. तीच दहा सेंटिमीटरांवर शेंकडा ०·१७ उरते. प्रत्येक माप तीन वेळां घ्यावें, व सरासरीबरोबर त्यांतील अंतरहि नोंदावें.

कॅमेरा कलला तर एका दिशेनें आकार आखडतो. पंधरा अंशांच्या कलानें २८ मिलिमीटरांचा व्यास त्या दिशेस सुमारें २७ च भरतो. म्हणून वाटोळा शिक्का लंबगोल दिसला तर आधीं कॅमेऱ्यावर संशय घ्यावा, शिक्क्यावर मागाहून. चित्रांत पट्टी नसेल तर लांबी सांगण्याचा मोह टाळावा. चित्र समोरून घेतलेलें असल्यास कोन व दोन अंतरांचें गुणोत्तर मात्र प्रमाणाविनाहि टिकतें. शिवछत्रपतींच्या अष्टकोनी मुद्रेच्या ठशांची तुलना करणारानें बाजूंचीं गुणोत्तरें अवश्य घ्यावीं.

॥ ५ ॥ त्रिमितीच्या साधनांत सावधगिरी अधिक हवी. फोटोशॉपच्या २००७ च्या विस्तारित आवृत्तींत त्रिमितीचीं साधनें आलीं. त्या मालिकेंत चित्राच्या उजळ भागास उंची व काळ्या भागास खोली देऊन पृष्ठ उभें करण्याची सोय होती. शिलालेखास ती लाविल्यास काय होतें? अक्षरांत भरलेला चुना उंचवटा बनतो आणि शेंदराचा काळवंडलेला डाग खड्डा बनतो. रंग म्हणजे खोली नव्हे. खरी खोली हवी तर एकाच दगडाचीं निरनिराळ्या जागांवरून, एकमेकांवर निम्म्याहून अधिक भाग येईल अशीं, अनेक छायाचित्रें घ्यावीं लागतात. शिवाय हीं त्रिमिति-साधनें अडोबी कंपनीनें २०२१ पासून फोटोशॉपमधून काढून घेण्यास आरंभ केला. ज्यांनीं आपलें काम केवळ त्याच स्वरूपांत जपलें, त्यांची अडचण झाली. मूळ छायाचित्रें न बदलतां वेगळीं ठेवणें हाच यावर उपाय.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, चित्र घेतांना पट्टी वस्तूच्याच पातळींत, तिला लागून ठेवावी. कॅमेरा तिपाईवर, वस्तूस समांतर धरावा. आणि मूळ वस्तूचें एक तरी माप हातानें घेऊन चित्रासोबत लिहून पाठवावें. तें एक माप आम्हांजवळ असतें, तर वर सांगितलेलें टिपण लिहिण्याचा प्रसंगच आला नसता. मूळ कागद आज आहे, उद्यां कसर लागून जाईल. मागें राहील तें चित्र. त्यानें खरें बोलावें, ही तजवीज आजच केली पाहिजे.