आईची इस्त्री आणि मंगळवारची वीज

गेल्या महिन्यात आईची इस्त्री गेली. म्हणजे चोरीला नाही, कॉइल जळली. आई नागपूरला घरीच ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते, त्यामुळे इस्त्री बंद म्हणजे तिचा अर्धा धंदा बंद. मी शहाणपणा करून एक छानपैकी हलकी, वाफेची इस्त्री घेऊन गेलो. तिनं ती हातात धरून वरखाली केली आणि म्हणाली, "काऊन रे, एवढी हलकी काऊन आणली? इच्यानं शिवण बसते का?"

मला वाटलं, झालं, जुन्या वस्तूंचा मोह. पण वीकएंड मोकळा होता आणि वाद जिंकायची खुमखुमीही होती, म्हणून इस्त्रीचा इतिहास खणत बसलो. रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की वाद मी हरलोय.

सुरुवात शब्दापासूनच करू. 'इस्त्री' आपल्याकडे पाव, बटाटा, चावी, बादली ह्या मंडळींबरोबर पोर्तुगीजांकडून आली. 'एस्तिरार' म्हणजे ताणणे, पसरवणे. (त्यामुळे इस्त्री आणि स्त्री ह्यांवरचे सगळे विनोद व्युत्पत्तीच्या दृष्टीनं बाद.) इंग्रजीत जुन्या ठोकळेवजा इस्त्रीला 'सॅड आयर्न' म्हणत. ह्या 'सॅड'चा दुःखाशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जड, भरीव असा होता. पोर्तुगीजांना त्यात ताणणं दिसलं, इंग्रजांना वजन.

आता थोडं विज्ञान. सुती कापडाला सुरकुती का पडते? कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओल आणि उष्णता मिळाली की हे बंध सुटतात, आणि गार होताना कापड ज्या आकारात असेल त्या आकारात परत बसतात. म्हणजे लागतात तीन गोष्टी: ओल, उष्णता आणि दाब. आईचा मुद्दा तिसऱ्या गोष्टीचा होता.

आणि आमचं गाव तर कापसाचंच. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. 2002 मध्ये ती कायमची बंद झाली. माझे आजोबा तिथे होते. त्यांचं धोतर पांढरंशुभ्र आणि खळ घालून कडक असायचं, आणि ते कडक करणारा माणूस आमच्या कोपऱ्यावर कोळशाची इस्त्री घेऊन बसायचा.

ती इस्त्री मी लहानपणी दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला होता. हलली नाही. जाड धातूची पेटी, बाजूला हवेसाठी भोकं, आत रसरशीत कोळसे. तापमान मोजायला काही नाही. तो ओल्या गोणपाटावर टेकवून आवाज ऐकायचा आणि ठरवायचा. 'परीट घडी' हा शब्द आपण अजून सहज वापरतो, पण त्या घडीमागे किती अंदाज आणि किती भाजलेली बोटं असायची, हे त्या शब्दातून कळत नाही. आमच्या विदर्भात ह्या समाजाला वरठी असंही म्हणतात. एम्प्रेस मिल सुरू होण्याच्या दहा महिने आधी, 23 फेब्रुवारी 1876 ला, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात एका परिटाच्या घरी गाडगेबाबा जन्मले. ते आयुष्यभर चिंध्या जोडलेले कपडे घालून फिरले. असो, विषय भरकटतोय.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीनं घेतलं, 6 जून 1882 ला. गंमत म्हणजे एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं त्याच वर्षी 4 सप्टेंबरला. म्हणजे इस्त्री आधी, वीज नंतर! (आमच्या क्षेत्रात हे नेहमीचंच आहे.) पुढची वीसेक वर्षं ह्या शोधाचं फार काही झालं नाही. एक तर घराघरात वीज नव्हती, आणि तापून तापून टिकेल अशी तारही नव्हती. ती मिळाली 1906 मध्ये, अल्बर्ट मार्शच्या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूत. आईच्या इस्त्रीत जळली ती ह्याच नायक्रोमची कॉइल.

मला सगळ्यात आवडली ती कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ गावच्या अर्ल रिचर्डसनची गोष्ट. हा वीज कंपनीत कामाला. कंपनी वीज बनवायची फक्त रात्री, दिव्यांसाठी. ह्यानं एक लहान, हलकी इस्त्री बनवून गावातल्या बायकांना वापरायला दिली. पण इस्त्री दिवसा करायची, आणि दिवसा वीज कुठे? मग त्यानं कंपनीला गळ घातली, की मंगळवारी दिवसभर वीज सोडा. मंगळवारच का, तर सोमवारी धुणं आणि मंगळवारी इस्त्री असा तिथला शिरस्ता होता. पुढे बायकांनी तक्रार केली की मध्ये फार तापते, टोकाला तापत नाही. काज, चुण्या, झालर ह्यांच्यासाठी टोकच लागतं. त्यानं टोक तापवलं, आणि 1905 मध्ये ब्रँडचं नाव पडलं 'हॉटपॉइंट'.

हे वाचताना मला 2005 च्या आसपासचं लोडशेडिंग आठवलं. आई वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून, वीज जायच्या आत घाईघाईनं कॉलर दाबून घ्यायची. फक्त आमचा मंगळवार रोज बदलायचा.

पण रिचर्डसनची इस्त्री हलकी होती, हे महत्त्वाचं. जुन्या इस्त्रीत वजन दोन कामं करायचं. एक दाब द्यायचा, आणि दुसरं, उष्णता साठवायची. वीज आल्यावर साठवायची गरज उरली नाही, मग कंपन्यांनी वजन कमी करत आणलं. शर्ट फिरवायला हे उत्तमच, मनगट दुखत नाही. पण शिवणकामात इस्त्री फिरवत नाहीत. ठेवतात, दाबतात, उचलतात. शिवण उघडून बसवायची, कॉलरमध्ये कॅनव्हास चिकटवायचा, तर वजन हवं. शिवाय ओल्या फडक्यावर टेकवली तरी पटकन गार होणार नाही असा जाड तळ हवा. वाफेनं ओल मिळते, दाब मिळत नाही. वर आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार वाफेची भोकं किती दिवस उघडी ठेवतील, ते वेगळंच.

थर्मोस्टॅट मात्र हवाच. पॉलिएस्टर आल्यापासून गोणपाटाच्या चर्र आवाजावर भागत नाही. डायलवरचा एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. सुती तीनवर, पॉलिएस्टर दोनच्या वर नाही. 1000 वॅटची इस्त्री सलग तासभर तापली तर एक युनिट जाळते, पण थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद करतो म्हणून प्रत्यक्षात कमीच. आणि आयएसआय शिक्का बघूनच घ्या. 2003 च्या सरकारी आदेशानं विजेच्या इस्त्रीला तो सक्तीचा झाला.

तर परत सीताबर्डी. ह्या वेळी आईला बरोबर घेऊन. दुकानदार वाफेच्या इस्त्र्या काढत होता, आईनं खालच्या फळीवरचं 'हेवी वेट' लिहिलेलं खोकं मागितलं. साधी, कोरडी, 1000 वॅट, दीडेक किलोच्या पुढची. किंमत वाफेवालीच्या निम्मी. आईनं ती उचलली, टोक बोटानं चाचपलं, आणि पिशवीतून चक्क ओलं फडकं काढून म्हणाली, "लावा बरं प्लगमध्ये."

जुनीची कॉइलही बदलून आणली आहे. वाफेवाली आता माझ्याकडे, पुण्यात.