ऑलमन बंधूंचे बिऱ्हाड

अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया संस्थानात, मेकन नावाचे एक जुने गाव आहे. गावालगत ओकमल्गी नदी वाहते आणि तिच्या काठच्या टेकडीवर रोझ हिल नावाची जुनी दफनभूमी पसरलेली आहे. १९६९ साली या दफनभूमीत लांब केस वाढवलेली काही तरुण पोरे गिटारी घेऊन येत आणि थडग्यांच्या सोबतीने तारा छेडीत तासन् तास बसत. खिशात दमडी नव्हती. गावाला त्यांचे कौतुक नव्हते, संशय मात्र भरपूर होता. शांतपणे बसायला याहून बरी जागा त्यांना सापडली नसावी. पुढे त्यांच्यापैकी एकाने तेथल्या एका थडग्यावरचे 'एलिझाबेथ रीड' हे नाव उचलून आपल्या एका रचनेला दिले, तर दुसऱ्याने बारा वर्षांच्या मार्था नावाच्या मुलीच्या स्मारकावरून आपल्या रचनेचे नाव ठेवले. आणखी पुढे काय झाले, ते या लेखाच्या ओघात येईलच.

ही पोरे म्हणजे 'ऑलमन ब्रदर्स बँड'. ज्या संगीताला 'सदर्न रॉक', म्हणजे दाक्षिणात्य रॉक, असे नाव पडले, त्या घराण्याचे हे मूळपुरुष. ग्रेग ऑलमनला मात्र हे नाव कधी रुचले नाही. रॉक संगीत जन्मलेच मुळी दक्षिणेत, मग त्याला पुन्हा दाक्षिणात्य कशाला म्हणायचे, असा त्याचा बिनतोड सवाल असे.

या कथेचा आरंभ एका दुर्दैवाने होतो. ड्वेन ऑलमन १९४६ सालच्या नोव्हेंबरात जन्मला आणि ग्रेग १९४७ सालच्या डिसेंबरात; दोघांचेही जन्मगाव टेनेसीतील नॅशव्हिल. बाप सैन्यात अधिकारी होता. १९४९ सालच्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याने वाटेत भेटलेल्या एका माणसाला आपल्या गाडीत घेतले आणि त्याच माणसाने त्याचा खून केला. थोरला तेव्हा तीन वर्षांचा होता, धाकटा दोन वर्षांचा. आई जेराल्डीन धीराची बाई. मुलांना अनाथालयात टाकण्याऐवजी तिने हिशेबनीसाचे शिक्षण घेण्याचे ठरवले आणि तेवढ्या काळापुरते पोरांना लष्करी शिस्तीच्या निवासी शाळेत ठेवले. पोरांना ती शाळा मुळीच मानवली नाही. १९५९ साली हे कुटुंब फ्लॉरिडात, डेटोना बीचला, राहायला गेले.

सुट्टीत मुले नॅशव्हिलला आजीकडे येत. तेथे शेजारच्या एका भोळसट माणसाच्या हातात ग्रेगने पहिल्यांदा गिटार पाहिली आणि तिने त्याला झपाटले. घरोघर वर्तमानपत्रे टाकून त्याने पैसे साठवले व एक स्वस्तातली गिटार विकत आणली. थोरल्या ड्वेनने मात्र मोटारसायकल मिळवली होती. ती लवकरच मोडून पडली आणि ड्वेनचा डोळा भावाच्या गिटारीवर गेला. मग काय, घरात महाभारत! अखेर मोडक्या मोटारसायकलीच्या मोबदल्यात ड्वेनलाही गिटार आली. पहिले धडे धाकट्याने थोरल्याला दिले आणि थोड्याच दिवसांत थोरला त्याच्या कितीतरी पुढे निघून गेला.

पण ही मुले शिकली कोणाकडून? या कथेचे खरे मर्म या प्रश्नात आहे.

त्या काळी दक्षिणेत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा निराळ्या, खाणावळी निराळ्या, पाण्याचे नळदेखील निराळे असत. पण ध्वनिलहरींना कुंपण घालण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. नॅशव्हिलच्या 'डब्ल्यूएलएसी' या नभोवाणी केंद्रावरून रात्रीच्या वेळी निग्रो गायकांच्या ध्वनिमुद्रिका लागत आणि त्या शेकडो मैलांवर ऐकू जात. कितीतरी गोऱ्या घरांतली मुले दिवे मालवल्यावर उशाशी रेडिओ घेऊन त्या ऐकत पडत. मडी वॉटर्स, एल्मोर जेम्स, बॉबी ब्लँड, रे चार्ल्स हे त्यांचे अदृश्य गुरू. नॅशव्हिलच्या एका जलशात दोघा भावांनी बी. बी. किंगला प्रत्यक्ष ऐकले आणि आपणही हेच करायचे, हे ड्वेनच्या मनाने तेथल्या तेथे घेतले. एकलव्याला निदान मातीचा पुतळा तरी होता. या मुलांपुढे काळोख आणि आवाज एवढेच होते.

दोघा भावांनी आधी दोन-तीन संच काढून पाहिले. लॉस एंजेलिसला जाऊन कंपनी सांगेल तसले गुळगुळीत संगीतही वाजवले. त्यात त्यांचे मन रमले नाही. ड्वेन दक्षिणेत परतला आणि अलाबामातील मसल शोल्स येथे ध्वनिमुद्रणाच्या वेळी साथ करू लागला. १९६८ सालच्या नोव्हेंबरात विल्सन पिकेट या निग्रो गायकाला त्याने बीटल्सचे एक ताजे गाणे गाण्याचा आग्रह केला. त्या गाण्याच्या शेवटी ड्वेनची गिटार अशी काही उसळली की जाणकारांनी कान टवकारले. मेकनचा फिल वॉल्डन हा त्यांतलाच एक. त्याने वाढवलेला थोर गायक ओटिस रेडिंग १९६७ साली विमान-अपघातात गेला होता. वॉल्डनने ड्वेनला संच जमवायला सांगितले.

संचात ड्वेनने पहिला माणूस घेतला तो जेमो. हा मिसिसिपीचा निग्रो तबलजी. तबलजी म्हणजे अर्थात ड्रम वाजवणारा. ओटिस रेडिंगच्या साथीला तो होता, पण त्याचा जीव जडला होता जॅझवर. मग शिकागोहून आलेला बेरी ओकली. मोठ्या तारांची बास गिटार नुसता ठेका धरून बसत नाही, तीही बोलू शकते, हे त्याने दाखवले. त्याचा जोडीदार डिकी बेट्स हा फ्लॉरिडाचा. खेड्यापाड्यांतल्या फिडलच्या गाण्यांत वाढलेला. जॅक्सनव्हिलचा बुच ट्रक्स हा दुसरा ड्रमवाला. जेम्स ब्राउनच्या ताफ्यात एकाहून अधिक ड्रमवाले असत, तसे ड्वेनलाही दोन हवे होते. बुचचा ठेका आगगाडीसारखा सरळ धावे आणि जेमो त्याच्याभोवती नक्षी काढी. २६ मार्च १९६९ रोजी ग्रेग जॅक्सनव्हिलला येऊन मिळाला. बाकीच्यांचे वाजवणे ऐकून तो बिचारा गांगरला. ड्वेनने दटावून त्याला मडी वॉटर्सचे एक गाणे गायला लावले आणि त्या दिवशी सहा जणांचा संच पुरा झाला.

आता या सहा जणांच्या संगीताकडे वळू. ड्वेनची खरी ओळख म्हणजे त्याचे 'स्लाइड' वादन. त्याची हकीकत ग्रेगने सांगितली आहे. घोड्यावरून पडून ड्वेनचा कोपर दुखावला होता आणि सारा दोष ग्रेगच्या माथी मारून तो रुसून बसला होता. त्याच्या वाढदिवशी ग्रेगने त्याच्या दाराशी सर्दीच्या गोळ्यांची एक बाटली आणि ताज महाल या गायकाची ध्वनिमुद्रिका ठेवली व तो पसार झाला. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या, ती काचेची बाटली बोटात चढवली आणि तारांवर फिरवून पाहिली! विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरवून आपल्याकडे मींड काढतात. जातीने ही युक्ती तीच. सुरातून सुरात घसरत जाणारा, माणसाच्या रडण्या-हसण्याच्या अगदी जवळ जाणारा तो नाद हीच पुढे ड्वेनची सही होऊन बसली.

त्या ध्वनिमुद्रिकेत 'स्टेट्सबरो ब्लूज' नावाचे एक गाणे होते. त्याचा मूळ कर्ता ब्लाइंड विली मॅकटेल हा जॉर्जियाचाच आंधळा निग्रो गायक. बारा तारांची गिटार घेऊन तो रस्त्यारस्त्यांवर गात असे. १९२८ साली ॲटलांटात त्याने हे गाणे मुद्रित केले आणि १९५९ साली तो गेला, तेव्हा जगाला त्याची फारशी खबरही नव्हती. ऑलमन बंधूंच्या संचाने हे गाणे लाखो श्रोत्यांपुढे नेले.

दुसरा प्रवाह जॅझचा. जेमोने आपल्याजवळच्या माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या ध्वनिमुद्रिका साऱ्यांना ऐकवल्या. माइल्स डेव्हिसची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू' ड्वेनने इतक्यांदा ऐकली की दुसरे काही ऐकण्याची त्याला वासना उरली नाही. सतत बदलणाऱ्या सुरावटींच्या मागे न धावता एकाच स्वरसमूहात राहून विस्तार करायचा, ही त्या वादनाची रीत आपल्या रागविस्ताराशी नाते सांगणारी आहे. कोल्ट्रेन तर भारतीय संगीताचा भक्त होता; पंडित रविशंकरांवरील आदरापोटी त्याने आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले. म्हणजे मेकनच्या त्या बिऱ्हाडात आपल्या संगीताचा एक कवडसा, कोठून कोठून परावर्तित होत, पोचला होता म्हणायचा!

तिसरा प्रवाह डिकी बेट्सचा. दोन फिडली एकच चाल वरच्या व खालच्या स्वरांत जोडीने वाजवतात, ती ग्रामीण रीत त्याने गिटारीवर आणली. ड्वेन आणि डिकी यांची जुगलबंदी म्हणजे चढाओढ नव्हे, ते दोन पाखरांचे जोडीने उडणे होते. आणि ग्रेगचे 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणे तर अकरा मात्रांच्या ठेक्याने सुरू होते. आपल्याकडे रुद्र तालाच्या अकरा मात्रा असतात. पण ग्रेगला आपण अकरा मोजतो आहोत याचा पत्ताच नव्हता, तो ड्वेनने दिला. मध्यरात्री हाताशी कागद नव्हता म्हणून ते गाणे त्याने विझलेल्या काड्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या फळीवरील फडक्यावर लिहून काढले होते.

मेकनमध्ये हा सारा संच एकाच बिऱ्हाडात राहिला. काळ्या-गोऱ्यांचे वेगळेपण कायद्याने १९६४ साली संपवले होते, परंतु कायदा मनात उतरायला वेळ लागतो. काळा जेमो आणि पाच गोरे एका व्हॅनमधून हिंडत, एका ताटात जेवत, हे दृश्य गावातल्या पुष्कळांना खुपत होते. ज्यांना खुपले नाही, त्यांत होती लुईझ हडसन ही निग्रो खाणावळवाली. पोरांनी मोजके पैसे गोळा करून दोन ताटे मागवली आणि ती सारे वाटून खाऊ लागले. ते पाहून त्या माउलीने प्रत्येकापुढे भरलेले ताट ठेवले. पुढे चांगले दिवस आल्यावर ही मुले तिला विसरली नाहीत. आपल्या दौऱ्यावर ते तिलाही घेऊन गेले.

पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका फारशा खपल्या नाहीत. मग १९७१ सालच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या 'फिलमोर ईस्ट' रंगगृहातला त्यांचा प्रत्यक्ष जलसा टॉम डाउड याने मुद्रित केला. 'व्हिपिंग पोस्ट' त्यात तेवीस मिनिटे चालते. ही जोडमुद्रिका लोकांनी डोक्यावर घेतली. तिच्या लक्षावधीच्या खपाची पावती मिळून चारच दिवस झाले होते. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनच्या रस्त्यावर ड्वेनच्या मोटारसायकलीला अपघात झाला आणि तो गेला. वय अवघे चोवीस. अंत्यविधीच्या वेळी शवपेटीपुढे त्याची गिटार ठेवून उरलेल्यांनी त्याला संगीतानेच निरोप दिला. वर्ष सरून तेरा दिवस उलटले नाहीत तोच, ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, जवळच्याच रस्त्यावर बेरी ओकली तसाच मोटारसायकलीवरून गेला. त्याचेही वय चोवीस. दोघेही रोझ हिलवर शेजारी शेजारी विसावले.

तरी संच मोडला नाही. जेमोचा बालमित्र लमार विल्यम्स बेरीच्या जागी आला. चक लेव्हेल पियानोवर बसला. १९७३ सालच्या 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'ने कळस गाठला आणि त्याच जुलैत वॉटकिन्स ग्लेन येथे, इतर दोन संचांसह, सुमारे सहा लाख श्रोत्यांपुढे ते वाजवून आले. जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा या मंडळींनी त्यांच्या निधीसाठी जलसे केले.

वैभव आले आणि भाऊबंदकीही आली. मादक द्रव्यांचा विळखा पडला. अशाच एका खटल्यात ग्रेगला आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यावी लागली आणि १९७६ साली संच फुटला. पुन्हा जमला, पुन्हा फुटला; १९८९ साली परत उभा राहिला; २००० साली डिकी बेट्सला त्यातून जावे लागले. दोन ताटे वाटून खाणारी माणसे भरल्या ताटांवर बसल्यावर भांडली. हे वाचताना अमेरिका फार दूर आहे असे मला मुळीच वाटले नाही. उपास एकत्र काढता येतो. वाटणी करताना भाऊ परके होतात. हे कोणत्या गावात घडलेले नाही?

पण कथेला एक गोड वळणही आहे. १९९९ साली बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स, वय वर्षे वीस, संचात आला. लहानपणापासून त्याच्याही बोटात बाटली होती. पण त्याने ध्यास घेतला तो उस्ताद अली अकबर खाँच्या सरोदचा. कॅलिफोर्नियातील त्यांच्या विद्यालयात जाऊन तो शिकलाही. जो कवडसा कोल्ट्रेनकडून आडवळणाने आला होता, तो आता थेट उगमाकडे परत वळला.

२८ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यूयॉर्कला त्यांचा अखेरचा जलसा झाला. तो मध्यरात्रीपलीकडे लांबला आणि २९ ऑक्टोबर, ड्वेनची पुण्यतिथी, उजाडली. शेवटी त्यांनी कोणते गाणे म्हणावे? मडी वॉटर्सचे तेच गाणे, जे जॅक्सनव्हिलला पहिल्या दिवशी ग्रेगने बुजत बुजत म्हटले होते. २०१७ सालच्या जानेवारीत बुच गेला आणि मे महिन्यात ग्रेग. तेथे वाट पाहणाऱ्या थोरल्या भावाजवळ त्याला रोझ हिलवर ठेवण्यात आले. २०२४ साली डिकी बेट्सही गेला.

ज्या आवाजांनी ही मुले घडली, त्यांच्यापैकी कित्येकांना त्या काळी गोऱ्यांच्या खाणावळीत बसून घासभर खाता आले नसते. मॅकटेलला त्याच्या गाण्याने काय दिले आणि त्याच गाण्याने इतरांना काय दिले, याचा ताळा जमत नाही, जमणारही नाही. या सहा जणांनी तो हिशेब पुरा केला असे मी म्हणणार नाही. मात्र गाण्यांवर मूळ धन्यांची नावे त्यांनी ठेवली आणि स्वतःच्या पंगतीत जेमोला पहिले पान मांडले. ऋण फिटले नाही तरी ते कबूल करणारा माणूस निराळा असतो. एका अंध गायकाचा रस्त्यावरचा सूर त्या कबुलीच्या बळावरच मेकनहून निघून आपल्या कानांपर्यंत येऊन पोचला आहे.