तालूतची नदी नेमकी कुठं आहे?

सातवीच्या वर्गात एका धड्यात ‘नहर’ हा शब्द आला. उर्दूत नहर म्हणजे कालवा. आमच्या मराठवाड्यातल्या मुलांना औरंगाबादची नहर-ए-अंबरी ऐकून माहीत असते, त्यामुळे अर्थ सांगायला वेळ लागला नाही. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, “सर, तालूतच्या फौजेची परीक्षा झाली तीपण नहरच ना? मग ती आज कुठं आहे?”

मी क्षणभरही न थांबता सांगितलं, “फलस्तीनमध्ये, ऐन जालूत इथं. तिथंच हजरत दाऊद (अ.स.) यांनी जालूतला मारलं.”

वर्ग संपला, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री पुस्तकं आणि नकाशा घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं, की एका दमात मी तीन वेगवेगळी पाणी एकत्र करून टाकली होती.

आधी कुरआनपासून सुरुवात करू. सूरह बकरामधल्या 249 ते 251 या आयतींत हा प्रसंग येतो. तालूत फौज घेऊन निघतात. वाटेत नदी लागते. ओंजळभर पाण्याची मुभा असते, त्याहून जास्त पिणारा आपला नाही, असं ते सांगतात. बहुतेक जण पोटभर पितात. थोडे उरतात, तेच पुढं जातात आणि दाऊद जालूतला ठार करतात. नदीचं नाव कुरआनात नाही. शब्द फक्त ‘नहर’ आहे, आणि अरबीत नहर म्हणजे कालवा नव्हे, वाहती नदी. चौदाव्या शतकातले मुफस्सिर, म्हणजे कुरआनचे भाष्यकार, इब्न कसीर हे इब्न अब्बास (रजि.) यांच्या हवाल्यानं सांगतात, की ही नदी जॉर्डन आणि फलस्तीन यांच्या मधली. तिलाच लोक ‘शरीआ’ म्हणत. म्हणजे आजची जॉर्डन नदी. हे भाष्यकारांचं मत आहे, आयतीचे शब्द नाहीत, हा फरक मुलांना सांगायला हवा होता.

दुसरं पाणी बायबलमध्ये भेटतं. शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात पाणी पिण्यावरूनच फौजेची परीक्षा होते, पण ती गिदोनच्या फौजेची. जागा हरोदचा झरा. तिथं 300 माणसं उरतात. आपल्याकडे बुखारीतल्या रिवायतीत तालूतसोबत नदी ओलांडणाऱ्यांची संख्या बद्रच्या साथीदारांएवढी, 310 हून थोडी अधिक सांगितली आहे. गोष्टी इतक्या जवळच्या, म्हणून वाचणारा सहज गोंधळतो. हा हरोदचा झरा गिल्बोवा डोंगराच्या पायथ्याला असल्याचं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याचा प्रवाह बैसानजवळून जात जॉर्डनला मिळतो. याच झऱ्याला अरबीत ‘ऐन जालूत’, म्हणजे जालूतचा झरा, असं नाव होतं. याकूत अल-हमवी (मृत्यू 1229) आपल्या भूगोलकोशात बैसान आणि नाबलूस यांच्यामधलं छोटंसं गाव म्हणून त्याची नोंद करतात. पुढं 3 सप्टेंबर 1260 रोजी सुलतान कुतुझ आणि बैबर्स यांच्या ममलूक फौजेनं याच परिसरात मंगोलांना हरवलं, आणि हे नाव इतिहासात कायमचं कोरलं गेलं.

नावात जालूत आहे, म्हणून जालूत तिथंच मारला गेला असं मी धरून चाललो होतो. पण बायबलमधला तो प्रसंग तिथला नाही. 1 शमुवेलच्या सतराव्या अध्यायात दावीद ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे उचलतो. तो ओढा एला खोऱ्यातला, जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला. ऐन जालूतपासून सरळ रेषेत सुमारे 100 किलोमीटर दूर! हिब्रू शब्द आहे ‘नहल’. अरबीतला ‘वादी’ तो हाच. पावसात वाहणारा, एरवी कोरडा, आपल्या ओढ्यासारखा.

हे खोरं ओळखलं गेलं ते कसं? बायबल म्हणतं, पलिष्ट्यांचा तळ सोखो आणि अजेका यांच्यामध्ये होता. 1838 मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हे अमेरिकी अभ्यासक या भागात फिरले. सोबत अरबी उत्तम जाणणारे एली स्मिथ होते. दोघं गावकऱ्यांना विचारत, या टेकडीचं नाव काय, त्या ओढ्याचं काय. वादी अस-सुंत नावाच्या खोऱ्याच्या काठी त्यांना ‘शुवैका’ नावाचे अवशेष सापडले. सोखोचंच हे अरबी रूप. अजेका म्हणजे जवळचीच तेल जकरिया ही टेकडी, असं आज अभ्यासक मानतात. दोन टोकं पक्की झाली, की मधला ओढा ओळखता येतो.

या साऱ्या कामात मला सगळ्यात मोठा वाटा दिसतो तो त्या अरबी बोलणाऱ्या शेतकऱ्यांचा. हजारो वर्षांचं नाव त्यांनी तोंडी जपलं, बाहेरून आलेल्या अभ्यासकानं ते टिपून घेतलं, आणि ग्रंथावर नाव लागलं ते अभ्यासकाचं. फलस्तीनमधली अशी शेकडो गावं 1948 नंतर उरली नाहीत. गाव उठलं की नाव सांगणाराही उठतो. पुढच्या पिढीनं ओढ्याचं नाव कुणाला विचारायचं?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि म्हणालो, “काल मी चुकीचं सांगितलं.” मुलं एकमेकांकडे बघू लागली. फळ्यावर तीन नावं लिहिली : जॉर्डन नदी, ऐन जालूत, एला खोऱ्यातला ओढा. प्रत्येकापुढं लिहिलं, हे कोण म्हणतं : भाष्यकार, लोकांच्या तोंडचं नाव, बायबल. मग वर कुरआन लिहून त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवली, कारण तिथं नदीला नाव दिलेलं नाही.

त्या मुलीनं वहीत तो तक्ता उतरवून घेतला. मोकळी जागाही तिनं तशीच मोकळी ठेवली.